पेरणीआधी जमिनीतले जड धातू तपासून घ्या

नांगरट उरकली आहे आणि पेरणीला अजून थोडा अवधी आहे. माती तपासायला हेच दिवस बरे, कारण एकदा खत पडले की नमुन्याचा भरवसा राहत नाही. नत्र, स्फुरद, पालाशासाठी बरेच जण माती देतात. यंदा त्यासोबत शिसे, कॅडमिअम, आर्सेनिक, क्रोमिअम आणि निकेल यांचीही तपासणी करून घ्या, असा माझा आग्रह आहे. शेताला शहराचे किंवा कारखान्याचे सांडपाणी येत असेल, शेजारी खाण, भट्टी किंवा जुना रहदारीचा रस्ता असेल, मैलागाळ किंवा शहरी कचऱ्याचे खत टाकले असेल, तर ही तपासणी टाळूच नका.

अडचण अशी की पीक स्वतःहून काही सांगत नाही. जस्त, तांबे, निकेल फार वाढले तर पीक आधी खुंटते आणि आपण सावध होतो. कॅडमिअमचे तसे नाही. शेत हिरवेगार डोलत असते आणि पानांत, दाण्यांत माणसाला घातक ठरेल इतका कॅडमिअम साठलेला असू शकतो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतला कॅडमिअम नदीच्या पाण्यातून भातखाचरांत उतरला. वर्षानुवर्षे तो भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. सर्वांत जास्त सोसले ते उतारवयातल्या बायकांनी. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या रोगाचे नाव पडले. तिथल्या सरकारने १९६८ मध्ये त्याचे मूळ खाणीतल्या कॅडमिअममध्ये असल्याचे मान्य केले.

जिथे लक्षणे दिसतात तिथे ती फसवतात. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाची कमतरता समजून आपण फेरस सल्फेट फवारतो. दोन फवारण्यांनंतरही फरक पडला नाही, तर एक रोप खुरप्याने मातीच्या गड्ड्यासकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात मुळे हलक्या हाताने सोडवा. निरोगी रोपाला पांढऱ्या मुळीचे दाट जाळे असते. धातूचा मार बसलेली मुळे आखूड, तपकिरी, टोकाला बोथट असतात आणि त्यांना बारीक तंतू जवळजवळ नसतातच. पाणी साचल्यानेही मुळे बिघडतात, म्हणून यावरून फक्त संशय घ्यायचा. निदान तपासणीनेच होते.

नमुना घेताना घाई नको. वरची १५ ते २० सेंटिमीटर माती घ्या. पाण्याच्या तोंडाजवळची, रस्त्याकडेची आणि शेताच्या मधली माती एकत्र मिसळू नका, कारण धातू तोंडाशी आणि कडेलाच जास्त साचतात. स्टेनलेस स्टीलचे किंवा लाकडी अवजार आणि प्लास्टिकची बादली वापरा. माझ्याकडे एकदा आलेल्या अहवालात जस्त भलतेच जास्त होते. खोदून विचारल्यावर कळले की ओली माती रात्रभर जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत पडून होती! प्रयोगशाळेला एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा भाग, असे दोन्ही आकडे मागा. नुसत्या एकूण आकड्यावरून पिकात किती उतरेल ते कळत नाही. सिंचनाचे पाणीही तपासा. जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्यासाठी सुचवलेली मर्यादा दर लिटरला कॅडमिअम ०.०१ आणि आर्सेनिक ०.१० मिलिग्रॅम अशी आहे.

आता उपायांचे. धातू कुजत नाहीत, जिवाणू त्यांना संपवत नाहीत. ते मातीतच धरून ठेवायचे आणि मुळांपर्यंत पोचू द्यायचे नाहीत, एवढे आपल्या हातात असते. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून सामू (मातीची आम्ल-विम्लता, म्हणजे pH) ६.५ च्या आसपास आणला की कॅडमिअम, शिसे, निकेल आणि जस्त यांचे पिकात जाणे कमी होते. कुजलेले शेणखत तांबे आणि शिसे चांगले धरते. जमिनीत जस्त कमी असेल तर पीक कॅडमिअम जास्त ओढते, कारण दोघांच्या वाटा बऱ्याच अंशी एकच आहेत. अशा ठिकाणी झिंक सल्फेटचा दुहेरी फायदा होतो. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर कॅडमिअम मोकळा होतो, म्हणून तिथे क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश बरे.

पण आर्सेनिकला हा हिशेब लागू नाही. सामू वाढला की आर्सेनिक उलट सुटतो. म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय चुन्याची पोती आणू नका. भातात तर पेच आणखी घट्ट होतो. खाचरात पाणी सतत तुंबले की मातीतली हवा संपते, आर्सेनिक विरघळतो आणि सिलिकाच्या वाटेने मुळात शिरतो. आलटून पालटून पाणी दिले, मध्ये जमीन वाफशावर येऊ दिली, तर आर्सेनिक घटतो. त्याच वेळी कॅडमिअम मात्र वाढतो. त्यामुळे आर्सेनिकच्या शेतात पाणी अधूनमधून तोडा आणि कॅडमिअमच्या शेतात, विशेषतः ओंबी बाहेर पडल्यापासून दाणे भरेपर्यंत, पाणी उभे ठेवा. दोन्ही असतील तर माझ्या मते त्या खाचरात भात न घेणेच शहाणपणाचे.

शिसे मुळांतून फारसे वर चढत नाही, पण धूळ आणि पावसाने उडालेली माती पानांवर बसते. आच्छादन करा, बाहेरची पाने काढून टाका, भाजी धुऊन घ्या, कंदमुळांची साल काढा. पालेभाज्या आणि गाजर-मुळ्यासारखी पिके दूषित वाफ्यात लावू नका. टोमॅटो, वांगी, शेंगवर्गीय भाज्या तुलनेने बऱ्या.

नवे धातू शेतात येतात ते बहुतेक आपल्याच हातांनी. स्फुरदयुक्त खतात खडकातला कॅडमिअम असतो. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांवर दर किलो स्फुरदामागे (P₂O₅) ६० मिलिग्रॅम कॅडमिअमची मर्यादा घातली आहे. माती परीक्षणाने सांगितले तेवढेच स्फुरद द्या. बोर्डो मिश्रणासारख्या तांब्याच्या फवारण्या बागेत वर्षानुवर्षे होतात आणि ते तांबे वरच्या थरातच राहते, गांडुळांना तेच मारते. बॅटऱ्या, रंगवलेले लाकूड, प्लास्टिक जाळलेली राख शेतात पसरू नका.

धातू शोषून घेणाऱ्या वनस्पतींबद्दल हल्ली बरेच विचारतात. टेरिस विटाटा हे नेचे आर्सेनिक खरोखर भरपूर ओढते, पण जमीन स्वच्छ व्हायला बरीच वर्षे जातात. मोहरीवर्गीय पिके त्यासाठी लावली असतील, तर त्यांचा पाला जनावरांना घालू नका, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि बांधावर जाळूही नका. तो वेगळा पोत्यांत भरून, घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडेच द्या.