भरलेली बाटली बघून ‘ओके’ लिहू नका: ॲनिमल हाऊसमध्ये नव्याने येणाऱ्यांनी या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलैत आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी जिथे सांभाळतात तिथे, दोन-तीन नवी मुलं येतात. कोणी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं, कोणी डी.फार्म, कोणी बारावीनंतर थेट अटेंडंट म्हणून लागलेलं. बडोद्यात औषधकंपन्या भरपूर, त्यामुळे या कामाला माणसं लागतातच. अर्धी मुलं मला ताई म्हणतात, अर्धी बेन. आणि दरवर्षी नव्याने येणारी मुलं त्याच चुका नव्याने करतात. बावीस वर्षं हेच काम करते आहे. तोंडाने सांगून दमले, म्हणून आता लिहून ठेवते.

मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, “ताई, इंजेक्शन द्यायला कधी शिकवणार?” सुई हातात घ्यायची घाई सगळ्यांना. पाण्याची बाटली बघायची घाई कोणालाच नाही. पण पिंजऱ्यातल्या जिवाला पाणी, खाणं, हवा, उजेड यातलं काहीही स्वतः मिळवता येत नाही. शिवाय रॅट (मोठे उंदीर) आणि माइस (छोटे उंदीर) हे दुसऱ्याची शिकार होणारे प्राणी. दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच असतं. आपल्याला ते आजारी दिसतात, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

रिकामी बाटली शोधू नका, भरलेली शोधा

काही वर्षांपूर्वीचं उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यातला माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही, हे इथल्यांना सांगायला नको. त्या दोन दिवसांची ड्युटी एका नव्या मुलाकडे होती. मुलगा मनाने चांगला, घाई तेवढी फार. १३ तारखेला संध्याकाळी त्याने सगळ्या बाटल्या धुऊन, भरून लावल्या. १४ला आणि १५ला सकाळी येऊन दाराच्या काचेतून रॅककडे नजर टाकली. कुठलीच बाटली रिकामी दिसली नाही. रजिस्टरमध्ये ‘पाणी ओके’ लिहिलं आणि गेला पतंग उडवायला.

१६ला सकाळी मी आत गेले. तिसऱ्या रॅकवर खालून दुसऱ्या ओळीत एका पिंजऱ्याची बाटली काठोकाठ भरलेली. आजूबाजूच्या सगळ्या तळाला गेलेल्या. माझ्या पोटात धस्स झालं. पिंजरा बाहेर ओढला. पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, तसेच पडलेले, कारण पाणी नसलं की रॅट खाणंही सोडतो. खाली अंथरलेला तूस कोरडा ठणठणीत, लेंड्या बारीक आणि कडक. तिन्ही रॅट एका कोपऱ्यात पाठीला कुबड काढून, केस फुलवून बसलेले. डोळ्यांभोवती लालसर कडं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. वजन केलं. २६० ग्रॅमचा एक जण २१५वर आला होता.

कारण काय, तर नळीच्या टोकाचा स्टीलचा मणी क्षाराने चिकटून बसला होता. त्या आठवड्यात आर.ओ. बंद होता आणि बाटल्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जात होत्या. बाटली भरलेली होती, पण थेंब बाहेर येत नव्हता. अडीच दिवस ते तिघे त्या मण्याला तोंड लावत राहिले असतील.

डॉक्टरांनी लगेच कातडीखाली सलाइन दिलं, मी पेलेट भिजवून मऊ करून दिले, तिघंही वाचले. पण ज्या अभ्यासासाठी, म्हणजे प्रयोगासाठी, ते आणले होते त्यातून बाद झाले. ज्याच्या शरीरातलं पाणी इतकं उतरलंय, त्याच्या रक्ताच्या तपासणीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या जागी नवे तीन रॅट आणावे लागले. कमीत कमी प्राणी वापरायचे, हे प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला शिकवतात. संस्थेची एथिक्स कमिटी एकेका प्राण्याचा हिशेब विचारते. आणि इथे तीन जीव एका चिकटलेल्या मण्यापायी वाया गेले. त्या सकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

हिशेब सोपा आहे. रॅट दिवसाला दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण १० ते १२ मिली पाणी पितो. अडीचशे ग्रॅमचे तीन रॅट म्हणजे रोज ७५ ते ९० मिली. तेवढी पातळी खाली गेलीच पाहिजे. गेली नाही, तर एक तर पाणी येत नाही किंवा प्राणी आजारी आहे. दोन्हीकडे आपण धावायचंच.

माझी सवय सांगते. बाटली भरली की सिंकवर उलटी धरते. सुरुवातीचं गळणं थांबू देते आणि मग ग्लोव्हज घातलेल्या बोटाने मणी वर ढकलते. बोटावर थेंब आला तरच बाटली पिंजऱ्यावर जाते. दीडशे बाटल्या असल्या तरी दीडशे वेळा. नवी मुलं म्हणतात, वेळ जातो. जाऊ दे. शिवाय संध्याकाळी घरी निघताना पातळीवर मार्करने रेघ मारते. सकाळी पाणी आणि रेघ यांच्यात अंतर दिसलं पाहिजे. काही ठिकाणी पाच बाटल्या तपासून बाकीच्या तशाच लावतात. मला ते अजिबात मान्य नाही. सहाव्या पिंजऱ्यातल्याला तहान लागत नाही का?

उलटी चूकही होते. बुचाचं रबर जुनं झालं की बाटली रात्रभर गळते. माइस वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. ओल्या तुसात रात्र काढली की गारठून मरतो. म्हणून ओला पिंजरा दिसला तर ‘दुपारी बदलू’ म्हणायचं नाही.

आणि चूक झालीच तर लपवू नका. त्या मुलाने रजिस्टरमधलं ‘ओके’ खोडून ‘तपासलं नाही’ असं लिहायची तयारी दाखवली. मी त्याला खोडू दिलं नाही, खाली नवी नोंद करायला लावली, तारीख, वेळ आणि सहीसकट. रजिस्टरमध्ये खाडाखोड सुरू झाली की पुढच्या कुठल्याच नोंदीवर भरवसा राहत नाही. तो मुलगा आजही आमच्याकडे आहे आणि आता थेंब आल्याशिवाय बाटली लावत नाही.

गिनीपिगची खोली शांत झाली, की काळजी करा

गिनीपिग सांभाळणाऱ्याला पोत्याचा आवाज आणि शिट्टी यांचं नातं माहीत असतं. पोतं सरकवलं, पिशवी चुरचुरली की सगळी खोली ‘वीऽऽक वीऽऽक’ करून उठते. एका उन्हाळ्यात मी आत गेले, पोतं ओढलं आणि दोन-चारच आवाज आले. एक मादी उचलली तर कळवळून ओरडली. मागच्या पायांचे सांधे सुजलेले, केस रखरखीत, हिरडीवर रक्ताचा ठिपका.

गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. माणसाच्याही होत नाही. रॅट, माइस, ससा यांच्या होतं. म्हणून गिनीपिगच्या पेलेटमध्ये ते मुद्दाम घालतात आणि ते टिकत नाही. उष्णता, दमटपणा, नुसते जाणारे दिवस, सगळ्यांनी ते उडून जातं. साध्या खाद्यासाठी तयार झाल्यापासून सुमारे ९० दिवसांची मर्यादा धरतात. आमच्या स्टोअरमध्ये पोत्यावर ‘आले’ म्हणून तारीख लिहिली होती, ‘बनले’ म्हणून नाही. पोतं येईपर्यंतच दोन महिने गेले होते आणि पुढे बडोद्याच्या मे महिन्यात ते पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये पडून राहिलं. पेलेट दिसायला छान, वासाला छान, पण क जीवनसत्त्व उरलं नव्हतं. पोटभर खाऊनही स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला.

तेव्हापासून पोतं आलं की कंपनीची बनवल्याची तारीख शोधते, त्यात ९० दिवस मिळवते आणि ‘या तारखेपर्यंतच’ असं जाड मार्करने पोत्यावर लिहिते. जुनं पोतं पुढे, नवं मागे. सगळी पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. आणि सशाचं खाद्य गिनीपिगला कधीही नाही. दोन्ही पेलेट हिरवट दिसतात, म्हणून ही अदलाबदल मी तीन वेळा पकडली आहे.

कोणी म्हणतं, पाण्यातच गोळी घालू. चालतं, पण पाण्यातलं क जीवनसत्त्व फार लवकर उतरतं, म्हणून पाणी रोज बदलावं लागतं. जे रोज बाटली बदलायला कंटाळतात, तेच हा उपाय सुचवतात. लसूणघास, ज्याला इथे सगळे रजको म्हणतात, धुऊन दिलेला मला जास्त पटतो. मात्र अभ्यासातल्या प्राण्याला डॉक्टरांना आणि अभ्यासाच्या प्रमुखांना विचारल्याशिवाय काहीही नाही. एकदा एका मुलीने प्रेमाने घरचा आवळा किसून आणला होता. तिला समजावून परत पाठवताना मलाच वाईट वाटलं. पण एका गटाला आवळा आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की महिन्यांची मेहनत बुडते.

उचलायची पद्धत

माइसला शेपटीने उचलणं सगळीकडे चालतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की शेपटीने उचललेल्या माइसपेक्षा नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले कमी घाबरतात आणि माणसाजवळ आपणहून येतात. पिंजऱ्यात एक छोटी पारदर्शक नळी ठेवा, माइस स्वतः आत शिरतो. रॅटला शेपटीच्या टोकाला धरून उचललं तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. ते मी एकदा पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायचं नाही. रॅटला छातीखालून हात घालून उचलायचं.

सशाला कानाने तर नाहीच. आणि मागचं धड मोकळं सोडून कधीच नाही. ससा घाबरून मागचे पाय झाडतो, त्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि डोकं आपल्या काखेत लपवायचं. अंधार झाला की तो शांत होतो.

बाकीच्या, लवकर लवकर

रॅटच्या डोळ्यांभोवती, नाकाजवळ लाल दिसलं की नवी मुलं ‘रक्त, रक्त’ म्हणून धावत येतात. बहुतेक वेळा ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल रंगाचा स्राव असतो. पण तो वाढतो तो ताणाने आणि आजाराने, म्हणून धावत आलात हे बरोबरच केलंत. नोंद करा, वजन घ्या, डॉक्टरांना दाखवा.

पिंजरा बदलताना त्यावरचं प्राण्यांच्या माहितीचं कार्ड आधी बाजूला काढून ठेवू नका. एक पिंजरा, त्यातले प्राणी आणि त्यांचं कार्ड असं एकाच वेळी हलवायचं आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. पाच कार्डं ॲप्रनच्या खिशात घालून फिरणाऱ्याला मी खोलीबाहेर पाठवते.

नर माइसचा पिंजरा बदलताना घरट्याचा थोडा जुना कागद नव्या पिंजऱ्यात ठेवा. घाणेरडा तूस मात्र टाकू नका, त्याने मारामारी वाढते. एकदा वेगळे केलेले मोठे नर पुन्हा एकत्र सोडू नका.

थर्मामीटरवर फक्त आत्ताचं तापमान लिहू नका. रात्री दोनला एसी ट्रिप झाला आणि पाचला सुरू झाला, तर सकाळी नऊला काटा शहाण्यासारखा २३वर उभा असतो. कमाल-किमान दोन्ही वाचा, लिहा आणि रीसेट करा. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता सांगितली आहे. उन्हाळ्यात ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. रात्री काही विसरलं म्हणून आत जाऊन दिवा लावू नका. लाल टॉर्च कशाला ठेवली आहे?

अमोनियाचा वास आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात येतो तोच खरा. दहा मिनिटांनी नाकाला सवय होते आणि मग सगळंच स्वच्छ वाटतं. त्या पहिल्या मिनिटाचंच ऐका.

आधी स्वच्छ खोल्या, क्वारंटाइन (वेगळ्या ठेवलेल्या प्राण्यांची खोली) सगळ्यात शेवटी. क्वारंटाइनमधून परत कॉलनीत, म्हणजे नेहमीच्या प्राण्यांच्या खोल्यांत, जायचं नाही, पेन विसरलं असलं तरी.

नवी पिल्लं झालेल्या मादीला पहिले काही दिवस हात लावू नका. फोटो काढायला तर नाहीच. घाबरलेली आई पिल्लं खाते.

मास्क गळ्यात अडकवून ठेवायची वस्तू नाही. माइस-रॅटच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी हळूहळू जडते. आधी शिंका, मग डोळ्यांना खाज, मग दमा. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांना यापायी हे काम सोडावं लागलं. दोघंही हाताने फार मऊ होते, प्राणी त्यांच्याकडे शांत राहायचे.

पावसाळ्याची तयारी

२०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा शहराचे दोन तुकडे झाले. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची माणसं पलीकडे जाऊ शकत नव्हती, अलकापुरीकडची इकडे येऊ शकत नव्हती. पण प्राण्यांना त्या दिवशीही भूक लागतेच. ड्युटीची यादी करणारे लोक आजही फक्त नावं लिहितात, कोण नदीच्या कुठल्या काठाला राहतं ते लिहीत नाहीत. मी माझ्या यादीत प्रत्येक नावापुढे काठ लिहिते, आणि जून ते सप्टेंबर रोजच्या ड्युटीत ॲनिमल हाऊसच्या काठावरचा निदान एक माणूस ठेवते. आठवड्याचं खाद्य आणि ऑटोक्लेव्ह केलेला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेला) तूस वरच्या मजल्यावर. भरलेले पाण्याचे कॅन तिथेच. जनरेटरचं डिझेल १ जूनला तपासते, आणि आकाश भरून आलं की पुन्हा एकदा.