उन्हाळी भाजीपाल्याची तयारी: आधी आच्छादन, मग बाकीचं

बी, खुरपं, झारी यांवर शब्द घालवत नाही. पहिलं काम आच्छादन. ऊन तापायच्या आधी मातीवर पालापाचोळा, पेंढा किंवा वाळलेल्या गवताचा दोन-तीन इंच थर. गेल्या उन्हाळ्यात नेमकं हेच राहिलं होतं. उघड्या मातीवर पापडी धरते आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून बाजूने पळतं.

आधी वाफा पोटभर भिजवा, मग थर घाला. कोरड्या मातीवर पसरलात तर पाणी पाचोळाच पितो. खोडाभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. बी धरलेलं गवत नको, तण उगवेल. ताजं हिरवं गवत जाड घातलं तर आत गरम होतं. कुंड्यांनाही आच्छादन हवंच, त्या जमिनीपेक्षा लवकर तापतात.

पाणी सकाळी, मुळाशी. बोट दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. भोपळ्याची पानं दुपारी माना टाकतात, लगेच धावू नका. ऊन उतरल्यावर सावरली तर ठीक. सकाळीही लोळत असतील तर मात्र पाणी द्या. टोमॅटोला एक दिवस तळं आणि दोन दिवस वाळवंट असं केलंत तर फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो. मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही. लोक लगेच अंड्याची टरफलं कुटायला बसतात. अहो, आधी ओल एकसारखी ठेवा! आणि ती राखायची कशी? आच्छादनाने.

पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुलं गळतात. खत ओतून काही होत नाही; नत्र जास्त झालं तर नुसती पानं माजतात. दुपारच्या उन्हाच्या बाजूला ५० टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) बांधा. आधाराच्या काठ्या आताच रोवा, नंतर मुळं दुखावतात.

पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान पांढऱ्या कागदावर झटका. पडलेले कण चालायला लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्याने हटला नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण, आणि फवारणी संध्याकाळीच. उन्हात पानं करपतात. माव्यालाही (कोवळ्या शेंड्यांना चिकटणारे बारीक किडे) हेच.

थर कुजून पातळ होतो, वर नवा घालत राहा. पाचोळ्याचं एक पोतं आधीच भरून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

बाकी थोडक्यात. कोथिंबीर सावलीत, तरी फुलावर येईलच. वेलांना फळ धरत नसेल तर नर फूल मादी फुलावर (ज्याच्या मागे इवलंसं फळ असतं ते) टेकवा. काकडी-भोपळ्याचं सकाळी, दुधी-दोडक्याचं संध्याकाळी. भेंडी दिवसाआड तोडा, जून होते.