फळी, वीट आणि कोयनेचा भूकंप: वर्गात कसं शिकवावं

कोयना धरणाच्या पाटण तालुक्यात भूकंपाचा धडा काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, भूकंप धरणामुळंच होतो ना?" नुसतं हो म्हणून पुढं जाऊ नका, नाही म्हणूनही नको. फळी आणि वीट आणा.

लांब फळीवर खरखरीत पॉलिश पेपर पिनांनी ठोका. त्यावर वीट ठेवा, तिला सुतळी बांधा, सुतळीला नाडीचं इलास्टिक जोडा आणि अगदी सावकाश ओढा. इलास्टिक ताणत जातं, वीट जागची हलत नाही, मग एकदम सटकते. हात तर एकाच गतीनं ओढतोय, मग असं का? मुलांना बोलू द्या. घाई करू नका, अर्धा धडा इथंच आहे. भारतीय भूपट्ट, म्हणजे आपण ज्यावर आहोत तो पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतो आणि हिमालयापाशी आशियाला भिडतो. त्या रेट्याचा ताण आपल्या पायाखालच्या खडकातही साठतो. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजूंची पकड सुटली की खडक सरकतो आणि लाटा निघतात.

आता धरण. विटेला वरून दुसरी दोरी बांधा आणि एका मुलाला ती हलकेच वर ओढून धरायला सांगा. वीट फळीवरून सुटता कामा नये. पुन्हा इलास्टिक ओढा. या वेळी कमी ताणातच सटकते. दोन्ही वेळची इलास्टिकची लांबी पट्टीनं मोजून फळ्यावर लिहाच. पाण्यानं खडक बुळबुळीत होतात, असं पोरं हमखास म्हणतात. ते तिथल्या तिथं खोडून काढा. शिवाजीसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी फटींतून खोल झिरपतं, आतला दाब वाढतो आणि तो दाब दोन्ही बाजूंना एकमेकींपासून ढकलतो. ताण आधीचाच असतो, पकड तेवढी सैल होते.

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट सांगा. 6.3 रिश्टरच्या त्या धक्क्यात कोयनानगर उद्ध्वस्त झालं. त्या घरांतली नातवंडं समोर बसलेली असतात, म्हणून मृतांचे आकडे बाजूला ठेवा. कुणाला घरचं काही सांगायचं असेल तर तास संपला तरी ऐका.

कुणीतरी किल्लारी काढेलच. 30 सप्टेंबर 1993 चा तो भूकंपही भूपट्टाच्या आतच झाला, पण तिथं कोयनेएवढा जलाशय नव्हता. वरची दोरी सोडून पहिला प्रयोग पुन्हा करा. वेळ असेल तर विटेवर दुसरी वीट ठेवून ओढा: पकड वाढते, इलास्टिक जास्त ताणतं आणि झटकाही मोठा बसतो.