गेमिंग संगणकातील धूळ : आधी हवेची वाट ठरवा

कार्यालयातल्या साध्या संगणकापेक्षा गेमिंगच्या संगणकात धूळ लवकर साचते, कारण त्यातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून कित्येकशे वॅट उष्णता बाहेर टाकतात आणि ती वाहून नेण्यासाठी कॅबिनेटमधून, म्हणजे संगणकाच्या पेटीतून, सतत भरपूर हवा खेळवावी लागते. हवा येणार म्हणजे तिच्याबरोबर धूळ येणार, हे टळत नाही; मात्र ती कोठे अडवायची, हे ठरवता येते. ग्राफिक्स कार्डाच्या हीटसिंकमध्ये (उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) बसलेली धूळ काढायची तर कार्ड बाहेर काढावे लागते, आणि तीच धूळ फिल्टरच्या जाळीवर अडली असेल तर नळाखाली दोन मिनिटांत धुऊन निघते. म्हणून कॅबिनेटमध्ये शिरणारी सर्व हवा जाळीतूनच यावी, अशी व्यवस्था करणे हे खरे काम आहे.

त्यासाठी आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी लागते. असे असले की कॅबिनेटमधील दाब किंचित वाढतो आणि जास्तीची हवा सांध्यांमधून, मागच्या छिद्रांमधून बाहेर पडत राहते. याउलट बाहेर फेकणारे पंखे वरचढ असतील तर त्याच फटींमधून जाळी न लागलेली हवा, पर्यायाने धूळ, आत ओढली जाते. समोर आत घेणारे तीन आणि मागे बाहेर टाकणारा एक, अशी १२० मिलिमीटरच्या पंख्यांची मांडणी बहुतेक घरांत पुरेशी ठरते. पंख्याची दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. केवळ पंखे मोजून मात्र भागत नाही, कारण जाळी हवेला अडथळा करते आणि ती धुळीने भरत गेली की समोरच्या तीन पंख्यांचे बळ आणखी घटते. त्यामुळे बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मागच्या पंख्याचा वेग समोरच्यांपेक्षा थोडा कमी ठेवावा.

ही मांडणी साधली की नाही, हे उदबत्तीने तपासता येते. कॅबिनेटची सर्व झाकणे बसवून संगणक चालू करावा, खोलीतला छताचा पंखा बंद करावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून सावकाश फिरवावी. धूर फटीपासून दूर ढकलला गेला तर दाब योग्य आहे. तो आत खेचला गेला तर पंख्यांचा वेग पुन्हा जुळवावा. मागच्या बाजूची एखादी स्लॉटपट्टी (कार्डासाठीची रिकामी खाच झाकणारी पट्टी) हरवलेली असेल तर तिथे धूर हमखास चुगली करतो. (रोजची उदबत्ती मात्र संगणकापासून लांबच लावावी, कारण तिच्या धुराचा चिकट थर पंख्यांच्या पात्यांवर बसतो आणि त्यावर धूळ घट्ट धरते.)

जाळी बारीक नायलॉनची, शक्यतो चुंबकपट्टीने बसणारी घ्यावी, कारण जी जाळी काढायला स्क्रू उघडावे लागतात ती कोणी वेळेवर धूत नाही. खिडकीला लावतात ती डासांची जाळी केस आणि कापसाचे तंतू अडवते, पण रस्त्यावरची बारीक धूळ तिच्यातून सहज जाते. संगणकाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तळातून हवा घेत असेल तर त्याच्याखालची जाळी विसरू नये. कॅबिनेट जमिनीवर ठेवलेले असेल तर सर्वांत आधी तीच भरते.

मुळात कॅबिनेट जमिनीवर, विशेषतः सतरंजीवर, ठेवूच नये. कोरडा झाडू फिरला की उडणारी धूळ खालच्या थरातच सर्वाधिक असते, म्हणून टेबलावर किंवा निदान फूटभर उंच स्टँडवर ते ठेवावे आणि केर काढताना संगणक बंद असावा. बंद संगणकावर कापड टाकायची आपल्याकडची सवय चांगली आहे, पण स्लीप अवस्थेतल्या संगणकावर ते टाकू नये. तो मध्येच जागा झाला तर हवेची वाट बंद झालेली असते.

जाळ्या दोन ते चार आठवड्यांनी धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण सुकवूनच बसवाव्यात. पावसाळ्यात त्या लवकर सुकत नाहीत, म्हणून दुसरा संच जवळ असलेला बरा. आतली सफाई वर्षातून दोनदा पुरते. एक मे महिन्यात करावी, कारण उन्हाळ्यात साचलेली धूळ पावसाळी दमटपणात चिकट होते, आणि दुसरी दिवाळीच्या साफसफाईबरोबर उरकावी.

आतली सफाई करताना संगणक बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. दाबित हवेच्या डब्याने हवा मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग बिघडते आणि फिरता पंखा स्वतःच वीज निर्माण करून मदरबोर्डकडे पाठवू शकतो. हा डबा उभाच धरावा. तो आडवा झाला की आतील द्रव बाहेर येतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड सुट्या भागांजवळ नेऊ नये, कारण त्याच्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत साचते. पॉवर सप्लाय बाहेरूनच फुंकावा, उघडू तर कधीच नये. त्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वायर काढल्यानंतरही विद्युतभार धरून ठेवतात. ग्राफिक्स कार्ड काढले असेल तर परत बसवताना त्याची वीजजोडणी पूर्ण आत गेल्याची खात्री करावी.

सफाईच्या आधी आणि नंतर तोच खेळ अर्धा तास चालवून तापमान नोंदवावे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि इंटेलच्या अलीकडच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची १०० अंश. तिथवर पोहोचल्यावर ते आपला वेग स्वतःच कमी करतात. खोलीचे तापमान साधारण तेच असताना सफाईनंतरही आकडा खाली आला नाही, तर दोष धुळीचा नसून वाळलेल्या थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक लेपाचा) किंवा नीट न बसलेल्या कूलरचा असण्याची शक्यता अधिक आहे.