नगरपरिषदेच्या इमारतीत कलादालन कसे सुरू करावे

कोकणातील एखाद्या शहरात समकालीन कलेचे दालन सुरू करायचे ठरले, की बहुतेकांची पहिली धाव चित्रकारांकडे असते. माझ्या मते ती भिंतीकडे असायला हवी. नगरपरिषदेने, वाचनालयाने किंवा एखाद्या जुन्या कचेरीने देऊ केलेली जागा जानेवारीत पाहून होकार देऊ नये. शक्य असल्यास जुलैमध्ये, चार दिवस झड लागलेली असताना तेथे जावे, भिंतीला तळहात लावून पाहावा आणि गिलाव्याला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार, लागला आहे का, हे खाली वाकून तपासावे. जांभ्याचा चिरा पाणी धरून ठेवतो. त्यातही पश्चिमेची भिंत समुद्राकडून येणारा वारा आणि पाऊस थेट अंगावर घेते, म्हणून ती चित्रांसाठी सोडूनच द्यावी आणि तेथे माहितीचे फलक लावावेत.

जागा पसंत पडल्यावर कागदपत्रे. ना-नफा संस्था ‘सोसायटी’ म्हणून नोंदवण्यासाठी किमान सात सदस्य लागतात. आपल्याकडे अशी संस्था सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली, धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयात नोंदवली जाते. देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी असे वाटत असेल, तर आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हे काम एखाद्या सनदी लेखापालाकडे सोपवलेले बरे.

नगरपरिषदेशी बोलताना मात्र कोणाच्याही तोंडी शब्दावर थांबू नये. मुख्याधिकारी बदलतात, नगराध्यक्ष बदलतात, आणि ‘तुम्ही करा हो, आम्ही आहोत’ या वाक्याला पुढच्या कार्यकाळात कोणी ओळखही दाखवत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्यावर आधारलेला लेखी करार हाती असावा. त्यात भाड्याबरोबरच वीजबिल कोण भरणार, छत गळल्यास दुरुस्ती कोणाची, आणि शनिवार-रविवारी व सणाच्या सुट्टीत मुख्य दरवाजाची किल्ली कोणाकडे राहणार, हेही स्पष्ट लिहिलेले हवे. किल्लीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत दालनाला कुलूप लागले, तर वर्षातला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग हातचा जातो. उद्घाटनाची तारीख ठरवताना निवडणुकांचाही अंदाज घ्यावा, कारण आचारसंहिता लागल्यावर पदाधिकाऱ्यांच्या हस्ते फीत कापता येत नाही.

आता ओलीविषयी थोडे विस्ताराने, कारण आमच्या स्वतःच्या दालनात आमची फजिती येथेच झाली. पहिल्या वर्षी आम्ही जलरंगांतील चित्रे काचेच्या चौकटींत घालून थेट भिंतीला टेकवून लावली. ऑगस्टमध्ये एक चौकट उतरवली, तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर ओलीचा नकाशा उमटला होता आणि काचेच्या आतून पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी चढली होती. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की बुरशी धरते. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती सहज ८० च्या वर असते. म्हणून प्रत्येक चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळते. चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची किनार घालावी. खाऱ्या हवेत साधे लोखंडी खिळे गंजून भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. वातानुकूलन यंत्र मिळत असेल, तरी ते केवळ कचेरीच्या वेळेत चालणार असेल तर नाकारावे. दिवसा थंड आणि रात्री दमट अशा चढउतारांनी कागद फुगतो, आकसतो व शेवटी लहरतो. त्यापेक्षा पंखे आणि भिंतीवर टांगलेला एक आर्द्रतामापक पुष्कळ उपयोगी पडतात. जून ते सप्टेंबर कागदावरची कामे लावूच नयेत. त्या काळात मातीकाम, धातूची शिल्पे किंवा पडद्यावरची चित्रफीत ठेवावी.

प्रकाशाचे गणित सोपे आहे: कागदावरील कामांना सुमारे ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप), तैलरंगांना २०० पर्यंत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर यावा.

कोणाची कामे लावायची, याचा निर्णय तीन-चार जणांच्या समितीने घ्यावा आणि तीत निम्मे तरी स्वतः काम करणारे कलावंत असावेत. मुंबईत १९५२ पासून असलेल्या जहांगीर कलादालनात जागा मिळण्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षे थांबतात. सावर्डे किंवा देवरुखच्या कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना तेवढी वाट पाहणे परवडत नाही. त्यांच्याकडून भाडे घेऊ नये. विक्री झालीच तर व्यवहार चित्रकार आणि ग्राहक यांच्यातच होऊ द्यावा. पिंगुळीच्या चित्रकथीला (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) किंवा सावंतवाडीच्या गंजिफेला (हाताने रंगवलेले खेळण्याचे पत्ते) ‘लोककला विभाग’ अशी पाटी लावून कोपऱ्यात बसवण्याचा मोह टाळावा. आज ते काम करणारा माणूस आजचाच कलावंत आहे, आणि त्याचे नाव इतरांइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे.

सार्वजनिक इमारतीतला प्रेक्षक मुद्दाम चित्रे पाहायला आलेला नसतो. तो घरपट्टी भरायला किंवा जन्मदाखला घ्यायला येतो आणि रांग लांबली म्हणून आत डोकावतो. त्याच्यासाठी दोन बाके हवीत, आणि चित्राशेजारी मोठ्या अक्षरांतली चार ओळींची मराठी चिठ्ठी हवी, जिच्यात ‘अवकाशाचे चिंतन’ नसून कोणता रंग, कोणते साहित्य आणि कलावंताने ते का निवडले, एवढेच असेल. आमच्याकडे हातात घरपट्टीच्या पावतीची घडी धरलेले एक वयस्क गृहस्थ होडीच्या एका चित्रापुढे बराच वेळ उभे होते. अभिप्रायाची वही पुढे केली, तेव्हा त्यांनी ती परत सरकवली आणि म्हणाले, “उलांडी चुकीच्या बाजूक आसा.” उलांडी म्हणजे होडीचा तोल राखण्यासाठी बाजूला बांधलेले लाकूड. त्या संध्याकाळी आम्ही चित्रकाराला फोन केला. पुढच्या सोमवारी तो स्वतः आला आणि त्या गृहस्थांचे घर शोधत बंदरावर गेला.