पॅनल डेटावर फिक्स्ड इफेक्ट लावण्याआधी ही 5 मिनिटांची तपासणी करा

पॅनल डेटा म्हणजे त्याच माणसांची पुन्हा पुन्हा घेतलेली माहिती, आणि वेव्ह म्हणजे त्यातली एकेक फेरी. मॉडेल रन केलं, हजारो माणसं, 4-5 वेव्ह, आणि तरी स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) अवाढव्य येतोय? बऱ्याचदा कारण एवढंच असतं की ज्या व्हेरिएबलचा परिणाम बघायचाय तो बहुतेक लोकांच्या बाबतीत बदललेलाच नसतो. फिक्स्ड इफेक्ट मॉडेल फक्त माणसाच्या आतल्या, म्हणजे त्याच माणसात काळानुसार झालेल्या बदलावर चालतं, त्यामुळे ज्यांच्यात काहीच बदललं नाही ते त्या आकड्यात जवळजवळ भरच घालत नाहीत.

1. डेटा लाँग फॉरमॅटमध्ये ठेवा, म्हणजे एक ओळ = एक माणूस, एक वेव्ह.

2. स्टाटा (Stata) या सॉफ्टवेअरमध्ये एक्सटीसम (xtsum) ही कमांड चालवा आणि विदिन (त्याच माणसातला बदल) आणि बिटवीन (माणसामाणसांतला फरक) यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन शेजारी ठेवून बघा, विदिन अगदीच बारीक असेल तर तिथेच थांबून विचार करा. (विदिनचा किमान आकडा उणे दिसला तर घाबरू नका, ती कमांड प्रत्येकाच्या स्वतःच्या सरासरीपासूनचा फरक काढून त्यात एकूण सरासरी मिळवते, आणि तो फरक मोठा उणे असला की तसं होतं.)

3. नोकरी, लग्न असले कॅटेगरीचे व्हेरिएबल असतील तर एक्सटीट्रान्स (xttrans) चालवा, कोण कुठल्या कॅटेगरीतून कुठे गेलं याचं प्रमाण ती कमांड दाखवते. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये माणसाच्या आयडीनुसार ग्रुप करून किती जणांकडे एकापेक्षा जास्त व्हॅल्यू आहेत ते मोजलं तरी काम होतं, आणि हा आकडा पेपरमध्ये जरूर लिहा, वाचणाऱ्याला खरा अंदाज येतो.

एक सांभाळा, दिसलेला प्रत्येक बदल खरा नसतो. मागच्या वेव्हला पदवीधर असलेला माणूस या वेळी दहावी पास दिसला तर ती नोंदीची चूक किंवा आयडीची अदलाबदल, म्हणून जन्मवर्ष आणि लिंग सगळ्या वेव्हमध्ये जुळतंय का हे आधी बघा.