साध्या फोनवरून गटाचा हप्ता कसा भरायचा

पेठ, सुरगाणा साइडला नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून आधी *९९# शिकून घ्या, हा नंबर डायल केला की नेट नसतानाही बँकेतून पैसे पाठवता येतात, बटणाच्या फोनवरही चालतं आणि मराठीतही येतं. फक्त बँकेत जो नंबर दिलाय तेच सिम फोनमध्ये पाहिजे, नाहीतर पुढे काहीच होत नाही. पहिल्यांदा पिन बनवताना एटीएम कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्सपायरी लागते, ती कार्डावरच असते. मग १ दाबून पैसे पाठवायचे, ३ दाबून बॅलन्स बघायचा, एका वेळी ५००० पर्यंतच जातात, म्हणजे मोठा हप्ता असेल तर दोनदा करा.

हप्ता पाठवण्याआधी स्क्रीनवर आलेलं नाव नीट वाचा, ते गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचंच पाहिजे, वसुलीवाल्या सरांच्या पर्सनल नंबरवर अजिबात नको. मेसेज डिलीट करू नका, गटाच्या मीटिंगला दाखवून हप्त्याच्या कार्डावर एंट्री आणि सही तिथल्या तिथे घ्या, उद्यावर ढकलू नका ताई. आणि पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर सरळ फोन कट करा. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, घरात विचारत बसू नका आधी.